मीठ किती, ते लिहिलेलं पुस्तक

९ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण आमच्या दुकानात आडवं व्हायला जागा नाही. सगळीकडे दुसऱ्यांच्या गेलेल्या आज्यांचं सामान. तेव्हा उभ्यानेच घे.

तुझं पत्र वाचलं आणि आधी पाकिटावरचं अक्षर परत तपासलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या मावशीचं चुकून माझ्याकडे आलं की काय! "जुनी रेसिपीची पुस्तकं मिळाली तर पाठव. वजन-माप लिहिलेली असली तर बरं." हे तू लिहितेस? जी बाई पुस्तकात बघून रांधणाऱ्यांना "काठावर बसून पोहणारे" म्हणते? माझ्या आईने एकदा पेपरातलं कात्रण बघून केक केला, तर चारचौघांत म्हणालीस, "ताई, केकला कात्रण वाचता येत नाही, त्याला हात कळतो." आई अजून त्या केकवर आणि तुझ्यावर, दोघांवर रुसून आहे.

असो. म्हातारपणी माणसाला नाद लागतो, तुला जरा बरा लागला.

आणि तू बरोबर दार ठोठावलंस. कुणी गेलं की घरचे लोक घड्याळ ठेवतात, दागिने ठेवतात आणि बाकीचं उचलायला आम्हाला बोलावतात. त्या 'बाकीच्या'त रेसिपीचं पुस्तक नेहमी असतं. आमचे मालक (तोंडावर काका, पाठीमागे घुबड) यांनी मला एक युक्ती शिकवली. जुनं रेसिपीचं पुस्तक पहिल्या पानापासून बघायचं नाही. कण्यावर उभं करायचं आणि दोन्ही हात सोडायचे. ते आपणहून उघडतं. जे पान उघडेल, ते त्या घरात सगळ्यात जास्त शिजलेलं.

सोबतचं जाडं पुस्तक कांद्याच्या सूपवर उघडतं. पानावर लोण्याचा डाग असा पडलाय, की पलीकडच्या पानावरचं पुडिंग आरपार दिसतं. कडेला पेन्सिलीने लिहिलंय, "ह्यांना आवडत नाही. तरी करणे." ही बाई मला भेटायला हवी होती.

ताप पुरता उतरला ना? नाक अजून चोंदलेलंच आहे असं आई म्हणत होती. वाफ घे.

तुझी,
घराण्याची शोभा

*

२ फेब्रुवारी

शोभे,

पुस्तक मिळालं. पार्सलला इतकी दोरी गुंडाळली होतीस, की आत कैदी असावा असं वाटलं.

मी कण्यावर उभं करून हात सोडले. खरंच सूपवर उघडलं! मग मुद्दाम तीनदा केलं. भांडी घासायला येतात त्या काकू म्हणाल्या, "बाई, पत्त्यांचा खेळ आहे का हा?" मी त्यांना दाखवलं, तर त्यांनीही हात सोडून बघितले. पीठ भिजवायचं राहिलं तसंच.

कांद्याच्या सूपवालीचं मला फार कौतुक वाटलं. पण एक सांग, तुमच्या ह्या शहाण्या पुस्तकांना झालंय काय? कांदे किती, लोणी किती, पाणी किती, आच किती वेळ, सगळं चोख. आणि मिठाशी आलं की "चवीनुसार". मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. अंड्यात चवीनुसार, माशात चवीनुसार, बटाट्यात चवीनुसार. अरे, चव कुणाची? लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची की शेजाऱ्याची? मीठ किती घालायचं ते स्पष्ट लिहिलेलं एक तरी पुस्तक काढ शोधून. आणि मिरीचंही.

आमच्या डेपोच्या कॅन्टीनचं ठीक चाललंय. ड्रायव्हर-कंडक्टर येतात, जेवतात, जातात. हल्ली बोलत मात्र कमी. थंडी आहे.

फोन कर म्हणून मागे लिहिलं होतंस. फोन साहेबांच्या केबिनमध्ये आहे. तिथे साहेब, दोन कारकून आणि तक्रार करायला आलेले प्रवासी, सगळे कान देऊन असतात. पत्रच बरं.

वाफ घेते आहे.

मावशी

*

१४ फेब्रुवारी

मावशी,

मीठ सांगणारं पुस्तक शोधतेय. दुकानातली सगळी धुंडाळली. एकात "बेताचं" आहे, एकात "आवडीप्रमाणे" आणि एका महान लेखिकेने "सुगरणीला सांगायची गरज नाही" असं लिहून हात झटकलेत. शाळेत मी गणिताच्या पेपरात असंच लिहायला हवं होतं. हुशाराला सांगायची गरज नाही.

तोवर ही तीन घे. पहिलं बिस्किटांचं. कुणा पोराने सगळ्या चित्रांतली बिस्किटं रंगीत खडूने खाल्लेली दाखवलीत, चावे काढून. दुसरं आजाऱ्यांच्या पथ्याचं. ते कुठेच उघडत नाही, कोरं करकरीत आहे. म्हणजे एक तर घर निरोगी होतं, नाही तर पथ्य कुणी पाळलं नाही. तिसरं माशांचं. त्याचा पुठ्ठा फाटला होता म्हणून मी स्वतःच्या हाताने तपकिरी कागदाचं कव्हर घातलंय. माझं कव्हर घालणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. शाळेत त्याच्यावरून मार खाल्लाय. तेव्हा हे पुस्तक जरा विशेष प्रेमाने वाच. आणि वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते सविस्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील. शिव्या तर हव्यातच.

पोस्टातला कारकून पार्सल घेताना माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत होता. प्रेमात पडला असेल.

तुझी,
गुणाची

*

१ मार्च

गुणाचे,

तिन्ही पुस्तकं सुखरूप. शिव्या कशाला देऊ? तुझं कव्हर पहिल्यांदाच सरळ बसलंय.

माशांच्या पुस्तकाने मला वेड लावलं आहे. त्यातली भाषा बघ, "मासा निथळू द्यावा, त्याला घाई करू नये." मी रोज रात्री चार पानं वाचते आणि उशाशी घेऊनच झोपते. दिवसा कॅन्टीनमध्ये बाकावर बसून वाचते. आणि एक गंमत सांगू? वाचन करणाऱ्याला लोक किती मान देतात! मी पुस्तक घेऊन बसले, की बाकावरची माणसं आपणहून उठून दुसरीकडे जातात. अख्खा बाक मला. परवा तर एक कंडक्टर अर्धा चहा टाकून उठला.

डेपोतल्या मांजरांनाही वाचनाची गोडी लागली. तीन मांजरं पायाशी बसून पुस्तकाकडे टक लावून बघतात. काकू म्हणतात, "बाई, ते पुस्तक बाहेर ठेवा ना." मी म्हटलं, "काकू, शिकल्या नाहीत म्हणून पुस्तकाचा राग करू नये." त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. जरा जास्तच बोलले बहुतेक.

आता माझ्याकडे चार झाली. पिठाच्या डब्यावरची फळी रिकामी केली आहे त्यांच्यासाठी. अजून बरीच जागा आहे, कळलं का?

मावशी

*

५ मार्च

मावशी,

विनोद बंद. त्या कव्हरच्या आत, कागद आणि पुठ्ठ्याच्या मधे, मी खारवलेला सुका मासा घालून शिवला होता. चांगला हाताएवढा. दुकानात दोन दिवस ठेवला तर घुबडाने नाकाला रुमाल बांधून हिशेब केला. मला वाटलं, तू पार्सल उघडशील, किंचाळशील आणि चार पानी शिव्या लिहिशील.

तू उशाशी घेऊन झोपलीस?

तुझं नाक म्हणजे काय होतं! मी पाचवीत असताना मागच्या गल्लीत उभं राहून बिडी ओढली, तर तू स्वयंपाकघरातून ओरडलीस. सूप ढवळता ढवळता सांगायचीस, लोणी कालचं आहे.

मावशी, तुला वास येत नाही का? कधीपासून? खरं सांग. नाकाने कांदे सोलू नकोस.

आणि आधी ते कव्हर काढून फेक.

मी

*

१२ मार्च

पोरी,

कव्हर मांजरांनी नेलं. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवल्यावर काकू खाली बसून हसल्या, मग माझ्याकडे बघून रडल्या.

नाही येत. त्या तापानंतर काहीच नाही. नुसतं नाक नाही, जीभही गेली. मीठ आणि साखर हातावर घेतली तर डोळ्यांनी सांगता येतं, तोंडाने नाही. जेवते म्हणजे काय, ओलं आणि कोरडं, गरम आणि गार, एवढं कळतं. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग महिना गेला.

सांगणार कुणाला? बहिऱ्याने गाण्याची शिकवणी चालवली तर लोक काय म्हणतील? तीस माणसांचं सकाळ-संध्याकाळ शिजवते मी. आजवर काही मोजलं नाही. वास सांगायचा कांदा झाला, वास सांगायचा पाव काढ. आता पातेलं माझ्याशी बोलतच नाही. म्हणून पुस्तकं मागवली. म्हटलं, कुणीतरी मोजून लिहिलेलं असेल, तसं करत राहू, कुणाला कळणार नाही. आणि तुझ्या शहाण्या लेखिका बघ, ऐन मोक्याला "चवीनुसार".

दूध करपलं तेव्हा धूर दिसला म्हणून कळलं. तेही एक वेळ चालेल. पण गेल्या आठवड्यात गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं. मी तिथेच उभी, पाठ करून, बटाटे सोलत. काकू धावत आल्या. त्या आल्या नसत्या तर? त्या दिवसापासून मला भीती बसली आहे. माझ्यामुळे कुणाला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?

तेव्हा मी ठरवलंय. मे महिन्यापर्यंत बघायचं. नाही सुधारलं तर साहेबांना चिठ्ठी द्यायची आणि पळी खाली ठेवायची. मला आयुष्यात ही एकच गोष्ट येत होती. असो. आईला सांगू नकोस, ती लगेच येऊन मला घेऊन जाईल.

पण एक तुला म्हणून सांगते. पुस्तकं मागवली ती लबाडी करायला, पण आता खरंच नाद लागला आहे. जेवताना काही कळत नाही, पण वाचताना कळतं. "कांदा सोनेरी होईपर्यंत" असं वाचलं, की तोंडाला पाणी सुटतं. जिभेला वाचताना आठवतं बहुतेक. दिवसभरात तेवढं एकच जेवण होतं माझं.

तेव्हा पाठवणं बंद करू नकोस.

मावशी

*

२० मार्च

मावशी,

तुझं पत्र मी कपाटात बसून वाचलं. खरंच. दुकानात एक जुनं कपाट आहे, त्यात बसून रडलं तर गिऱ्हाइकाला दिसत नाही. नेमकं एका बाईने ते उघडलं. तिने कपाट घेतलं नाही.

आता ऐक. आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर घड्याळं बघायला येतात. कान-नाक-घसावाले होते, आता निवृत्त. मी त्यांना बंद पडलेलं घड्याळ हातात दिलं आणि ते खूश असतानाच विचारलं. ते म्हणाले, तापाने नाकातल्या नसा जळतात, पण पुष्कळदा परत उगवतात. गोगलगायीच्या चालीने. त्यांना शिकवावं लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ तेच तेच चार वास हुंगायचे, आणि हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचं. येईलच असं ते म्हणाले नाहीत. पण येणारच नाही असंही म्हणाले नाहीत. तिथल्या दवाखान्यातही दाखवून ये म्हणाले.

म्हणून सोबत चार पुड्या. एक, दोन, तीन, चार असे नंबर टाकलेत. नावं नाहीत. नाव लिहिलं तर तू वाचून "आला आला" म्हणशील. मी तुला ओळखते. ही नाकाची शाळा, आणि मी मास्तरीण. नियतीने माझ्या मास्तरांवर उगवलेला सूड आहे हा.

गॅससाठी नियम. बटण काकू लावतील आणि काकूच बंद करतील. तू हात लावायचा नाहीस. खिडकी उघडी.

आणि आता बातमी. मीठ सांगणारं पुस्तक मिळालं!!! एका बोटीवरच्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याचं घर मोकळं करायला गेलो होतो. बोटीवरच्या भटारखान्यासाठी छापलेलं पुस्तक आहे, खलाशांच्या पंगतीच्या मापाचं. सुरुवातीलाच काय लिहिलंय बघ, "समुद्र खवळला असता स्वयंपाक्याच्या जिभेवर विश्वास ठेवू नये. त्याला स्वतःला मळमळत असते. सर्व जिन्नस तोलून घालावे. मीठही." मी वाचलं आणि त्या रिकाम्या घरात एकटीच ओरडले. घुबडाला वाटलं उंदीर.

घुबड विकायला तयार नव्हतं. मी त्याच्या आवडत्या खुर्चीला घंटी बांधली होती, ती सोडवून देते म्हटलं. दिलं.

तू लबाड नाहीस. तुझा समुद्र खवळलाय, एवढंच.

मास्तरीण

*

१० एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझ्या बोटीच्या पुस्तकाने माझी पहिल्याच दिवशी फजिती केली. कण्यावर उभं केलं तर ते सूपवर उघडलं. मी दुकानातून तागडी आणली, सगळं तोललं, अक्षर न अक्षर पाळलं. त्यात लिहिलं होतं, "पातेले अर्धेच भरावे." मी अर्धंच भरलं. अर्धी माणसं जेवली आणि अर्धी ताटल्या घेऊन उभी. मग वर बघितलं तर मथळा, "वादळात करावयाचे सूप". सूप हिंदकळून सांडू नये म्हणून अर्धं! मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला, "बाई, हलते ती आमची बस, कॅन्टीन तर जागेवर आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून शांत समुद्राची पानं धरली. आणि जमलं गं. ताटल्या चाटूनपुसून परत आल्या. मी चाखून बघितलं नाही, बघून उपयोगही नाही, पण ताटलीकडे बघून कळतं.

आता दुसरं ऐक. परवा तो मिशीवाला चमचा उचलायला वाकला आणि त्याच्या खिशातून कागदाची पुडी पडली. आत पांढरी पूड. मी हबकले! म्हटलं, हा बस चालवतो आणि नशा करतो? त्याचा हात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "काय आहे हे?" त्याने मान खाली घातली. मग शेजारच्या कंडक्टरने आपल्या खिशातून तशीच पुडी काढून टेबलावर ठेवली. मग पलीकडच्याने. मग सगळ्यांनीच.

मीठ होतं. जानेवारीपासून घेऊन फिरत होते मेले. कधी अळणी असायचं, तेव्हा टेबलाखाली हात घालून टाकायचे. खारट असेल त्या दिवशी काय करायचात विचारलं तर म्हणाले, "पाणी प्यायचो." मला कळू नये म्हणून बोलायचे नाहीत, आणि मी आपली समजत होते थंडी आहे.

मग मीही सांगून टाकलं सगळं. कुणी "अरेरे" म्हटलं नाही. मिशीवाला म्हणाला, "बाई, माझ्या गाडीचा हॉर्न वर्षभर बंद आहे. चालतेच ना गाडी?" हे साहेबांनी ऐकलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

पण पोरी, गॅसची भीती जात नाही. काकू जन्मभर माझ्या पाठीशी उभ्या राहणार आहेत का? तुझ्या पुड्या रोज दोनदा हुंगते. एक नंबर काही नाही, दोन नंबर काही नाही, तीन आणि चार तर नाहीच. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, वाट बघा. वाट बघतेय. चिठ्ठी लिहून ठेवली आहे.

पाव-बिस्किटांचं अजून एखादं असलं तर धाड.

मावशी

*

६ मे

मावशी,

चार आठवडे झाले. मी दोन पार्सलं पाठवली, एक जॅम-लोणच्यांचं आणि एक पावाचं. पोचली का, एवढं तरी लिही. रुसलीस? की चिठ्ठी दिलीस?

नाकाची शाळा सोडू नकोस. मी शाळा सोडली, बघ माझं काय झालं, कपाटात बसून रडते.

तुझ्या गप्प बसण्याने मला झोप लागत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये फोन केला, तर कारकून म्हणाला "बाई कामात आहेत" आणि मागे कुणीतरी हसलं. कुणी हसलं? का हसलं?

एक ओळ लिही. वाईट असली तरी चालेल.

मी

*

१५ मे

माझे बाई,

हसले ते साहेब. आता सगळं क्रमाने सांगते, नाही तर तू कपाटात जाशील.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कॅन्टीनभर रबर जळल्याचा घाण वास आला. मी ओरडले, "काकू, काहीतरी जळतंय!" त्या गॅसकडे धावल्या. काही नव्हतं. कॉफी होती नुसती. मग कांदा चिरला तर त्यालाही रबर. साबणाला रबर. मी घाबरले. आधी काही नव्हतं ते बरं, हे काय नवीन? तुला काय लिहू? चांगलं म्हणू की वाईट, मलाच कळेना. म्हणून गप्प होते. डॉक्टरीण म्हणाली की नसा जाग्या झाल्या की आधी असा सावळागोंधळ घालतात. पण माझा विश्वास बसला नाही. दहा-बारा दिवस सगळं जग टायरसारखं. हे काही स्वयंपाकाला उपयोगाचं नाक नव्हे. म्हणून चिठ्ठी घेतली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब कागद वाचत होते. मला बसा म्हणाले. मी बसले, चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. आणि तेवढ्यात, पोरी, टेबलाखालून एक वास आला! रबर नाही. काहीतरी आंबट, दमट, जुनं, नाकात सुई टोचावी तसा. मी वाकून बघितलं. साहेबांनी बूट काढून ठेवले होते.

माझ्या तोंडून गेलं, "साहेब, तुमचे मोजे."

ते म्हणाले, "काय?"

मी म्हटलं, "घाण वास मारतायत. फार घाण. देवा, काय घाण आहे!" आणि मला रडूच फुटलं.

साहेब लालबुंद झाले. दोन्ही कारकून टेबलाकडे बघत बसले. मग साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना उमगलं. त्यांनी माझी चिठ्ठी खुर्चीत बसल्या बसल्या फाडली, आणि गाड्यांच्या वेळा सांगायचा माईक ओढून अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असं सांगितलं, "कॅन्टीनच्या बाईंना वास येतो आहे. पुन्हा ऐका, कॅन्टीनच्या बाईंना वास येतो आहे." फलाटावरचे प्रवासी बिचारे आपापल्या काखा तपासायला लागले.

त्यानंतर काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. सगळे ड्रायव्हर-कंडक्टर रांग लावून आले, हातात जे असेल ते घेऊन. "बाई, हे हुंगा." तंबाखूची डबी, केसांचं तेल, सोललेलं संत्रं, इंजिन पुसायचं फडकं. संत्र्यापाशी मी पाच मिनिटं थांबले. मागचे ओरडायला लागले, "ओ, पुढे सरका, गाडी सुटतेय!" मिशीवाल्याने पावाचा तुकडा धरला. काही आलं नाही. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, उद्या परत आण.

पाव काल आला. बारीक, दूर कुठेतरी भाजत असल्यासारखा, पण आला. मिठाचं आता जिभेला कळतं. गोड अजून थोडं कच्चं आहे. गॅसचं परवा काकूंसमोर मुद्दाम करून बघितलं, खिडक्या उघडून, क्षणभर. लगेच कळलं. त्या दिवशी मी किती दिवसांनी खांदे खाली सोडले, काय सांगू. काल रात्री अशी झोपले, की सकाळची पहिली गाडी सुटली तरी जाग नाही.

आणि पुस्तकं! मी फळीवरची सगळी, तुझी नवी दोन धरून, काढून एकेक नाकाला लावली. मला वाटलं होतं, सगळ्या जुन्या पुस्तकांना एकच वास असेल. नाही गं. बिस्किटांच्या पुस्तकाला खडूचा आणि लहान मुलाच्या हातांचा. पथ्याच्या पुस्तकाला डांबराच्या गोळ्यांचा, म्हणजे ते कधी कपाटाबाहेर निघालंच नाही. बोटीच्या पुस्तकाला रॉकेल आणि ओल्या लोकरीचा. कांद्याच्या सूपवालीच्या पानाला अजून लोण्याचा. इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात सूप चालू आहे. मी वाचत होते तेव्हा नुसत्या खिडकीतून बघत होते. आता आत गेले.

तेव्हा नाद सुटेल असं समजू नकोस. अजून पाठव. आता वजन-माप नसलं तरी चालेल. भरपूर डाग पडलेली निवड.

जमलं तर तूच ये. तुला एकदा माझ्या हातचं नीट जेवायला घालायचं आहे, न तोलता.

मावशी

*

१९ मे

मावशी,

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. साहेबांच्या मोज्यांवर आले तेव्हा घुबड एवढं हसलं, की त्याचा चष्मा पडून फुटला आणि तरी हसत राहिलं. मग मला म्हणालं, "जा, आठ दिवस सुट्टी. परत मात्र ये." डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी घड्याळ ठेवून टाळ्या वाजवल्या. आईलाही सगळं सांगून टाकलं. ती आधी तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर, मग दोन वाट्या साखर वाटली.

मी रविवारच्या पहिल्या गाडीने निघतेय. सोबत पाच पुस्तकं आहेत. त्यातलं एक इतकं डागाळलेलं आहे, की त्याचं नाव वाचता येत नाही. ते मांडीवर घेऊन येते, सामानात टाकत नाही.

गाडी दुपारी डेपोत लागेल. काळजी करू नकोस, आंघोळ करून येते.

तुझी भाची